संगणकावरचा पहारा

"दुपारपर्यंत हा संगणक हरणासारखा पळाला नाही, तर मिशी उतरवून ठेवीन!" चष्मेवाल्यांनी नाश्त्याच्या टेबलावरच जाहीर करून टाकलं. मिशी त्यांना नव्हतीच, त्यामुळे पैज तशी सुरक्षित होती.

माणूस सज्जन. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांची दृष्टी सुधारायचा. पण गर्वाचं घर खाली असतं, आणि हे तर तळमजल्यावरच राहत होते!

झालं होतं असं, की घरच्या जुन्या संगणकातल्या डिस्कनं खरखर करून मान टाकली होती. आणि चष्मेवालीणबाईंना, म्हणजे शाळेतल्या गणिताच्या बाईंना, पहिल्यांदाच वार्षिक परीक्षेचा पेपर काढायचा मान मिळाला होता. संध्याकाळी शाळेचा शिपाई तो न्यायला येणार होता.

"मी हातानं लिहून देते ना," बाई म्हणाल्या.

"हातानं? घरात मी असताना?"

त्यांनी कुठूनसं एक चिमुकलं लिनक्स, म्हणजे संगणक चालवणारी फुकटातली प्रणाली, पेनड्राइव्हवर उतरवून आणलं होतं. बटण दाबलं, आणि मेलेला संगणक टुणकन उठून बसला! चष्मेवाल्यांनी लगेच पेनड्राइव्ह उपटून हवेत नाचवला.

"बघ! डिस्क नको, पेनड्राइव्ह नको. सगळं मेमरीत चालतं. योगी कसा नुसत्या वाऱ्यावर जगतो, तसं!"

"योग्याला पेपर टाइप करायचा नसतो," बाई म्हणाल्या आणि कामाला बसल्या.

तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतला मेव्हणा डोकावला. चष्मेवाल्यांचं औदार्य उफाळून आलं. "घेऊन जा रे, तुझाही उद्धार होऊ दे!" पेनड्राइव्ह मेव्हण्याच्या खिशातून चालता झाला.

दुपारभर बाईंनी टाइप केलं. दर प्रश्नानंतर सेव्ह केलं. नळ, हौद, आगगाड्या, मजूर, सगळे आपापल्या जागी बसले. मग त्या गच्चीवर कपडे काढायला गेल्या, आणि मेव्हण्याचा फोन आला.

"भावोजी, तुमचं लिनक्स झकास! फक्त एक विचारायचं होतं. मी पानभर लिहिलं, सेव्ह केलं, संगणक बंद करून चालू केला, तर पान गायब! तुमच्याकडे होतं का असं?"

चष्मेवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. सगळं मेमरीत, म्हणजे सेव्ह केलेलंही मेमरीत! वीज गेली की हौदासकट मजूर गेले! घरात दुसरा पेनड्राइव्हही नव्हता.

"बाबा! इकडे या! या खुर्चीत बसा. मी मेव्हण्याकडे जाऊन येतो. तोवर संगणकाला कोणाचाही हात लागता कामा नये. कोणाचाही!"

चष्मेवाल्यांच्या वडिलांनी उभी हयात गोदामावर पहारा केला होता. निवृत्तीनंतर असं काम त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. ते ताठ बसले. त्यांची पाठ पाहून खुर्चीसुद्धा सरळ झाली असावी.

चष्मेवाले धापा टाकत परतले, तर बाई खांद्यावर चादरी घेऊन उभ्या.

"अहो, बाबा मला माझ्याच पेपरापाशी जाऊ देत नाहीत!"

"बाबा, सरका. हा एवढा पेनड्राइव्ह लावायचाय."

"नाही."

"अहो, मीच तर सांगितलं होतं!"

"कोणाचाही म्हणालास. तू कोणीच नाहीस का?"

"बाबा, अंत पाहू नका!"

"गोदामाचा मालक आला होता एकदा. त्यालाही आत सोडला नव्हता."

दारावरची घंटा वाजली. शिपाई! बाईंनी नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. त्या नजरेला कुठलाही नंबर लागू पडला नसता. चष्मेवाल्यांच्या डोक्यात मात्र वीज चमकली. त्यांनी टाचा जुळवल्या आणि कडक सलाम ठोकला.

"पहारेकरी! मी पाळीवर हजर आहे. तुमची पाळी संपली. चार्ज द्या!"

बाबांचा चेहरा उजळला. असं रीतीनं विचारल्यावर कोण अडवणार! ते उठले, सलाम परत केला, आणि पाळी सोडताना जन्मभर जे केलं तेच त्यांनी केलं. भिंतीवरच्या बोर्डाकडे वळून पंखा, दिवा, संगणक, सगळी बटणं ओळीनं खट् खट् बंद केली.

संगणकाचा पडदा काळा पडला.

"लगेच चालू होतो हं तो," चष्मेवाले पुटपुटले. "हरणासारखा."

पेनड्राइव्ह लावल्यावर चालूही झाला. कोरा, प्रसन्न, निर्विकार!

बाईंनी कोरे कागद आणि पेन घेतलं. शिपाई दारातूनच म्हणाला, "सावकाश लिहा, बाई. बाकी सगळ्यांनी हातानंच लिहून दिलेत."

चष्मेवाले मुकाट्यानं चादरींच्या घड्या घालू लागले. बाबा दुसरं टोक धरायला आले. सुनेला ऐकू जाईल अशा बेतानं ते मुलाला म्हणाले,

"काही म्हण, पण माझ्या पाळीत कोणाचं बोट लागलं नाही त्याला!"