माणशी एक वाटी

औषधवाल्यांची बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली ती तिकडचीच झाली. आज येईल, उद्या येईल म्हणता म्हणता नातू पालथा पडायला लागला, तरी हिचं आपलं, "जरा बसायला लागू दे हो त्याला!" इकडे औषधवाल्यांना घर खायला उठत होतं. दुकान बंद करून वर यायचे आणि कुलूप काढताना उगाच खोकायचे, आत कोणी असल्यासारखे. पण बोलून दाखवतील तर शपथ! फोनवर रोज तेच, "मी मजेत आहे." मजा कसली डोंबलाची, दूध आणि ब्रेड.

शेवटी लेकीनं मामाला कामाला लावलं. "रविवारी बाबांकडे जेवायला जा. नीट करून खात असतील तर आई अजून राहील, नाहीतर पाठवते." मेहुण्याच्या पोटात काही राहत नाही, त्यानं हे लगेच औषधवाल्यांना सांगून टाकलं. आता शहाण्यानं काय करावं? डाळ करपवावी आणि बायको आणावी. पण बायकोच्या भावासमोर स्वतःचं हसं करून घ्यायचं? छे! त्यांनी बायकोलाच फोन लावला.

"मसुराची डाळ किती लागते गं?"

"माणशी एक वाटी पुरते."

"म्हणजे किती ग्रॅम?"

"अहो, वाटी म्हणजे वाटी! माहेरून काय तराजू घेऊन आले होते मी?"

औषधवाल्यांकडे तराजू होता, दुकानातला. त्यांनी वाटीभर पाणी तोललं, दोनशे ग्रॅम भरलं. म्हणजे वाटीभर डाळही दोनशेच! तोलून घेतलेली डाळ वाटीत मावेना, वर शीग लागली. "वाटीच लहान दिसतेय," म्हणून त्यांनी वाटी बाजूला ठेवली. आपण, मेहुणा, त्याची बायको. आणि मेहुणा दोघांचं खातो, म्हणून चार माणसं. आठशे ग्रॅम डाळ पातेल्यात पडली. बायकोनं सांगितलेली वाटी शिजलेल्या डाळीची होती, हे त्यांना कोण सांगणार?

डाळ फुगली. मोठ्या पातेल्यात ओतली, तिथंही वर आली. घट्ट झाली म्हणून पाणी घातलं, तेव्हा कुकर काढला. मेहुणा आला तेव्हा औषधवाले धुतलेली बादली पुसत होते.

"दाजी, वरात जेवायला येणारे का?"

"शेजाऱ्यांना द्यायचीच होती," औषधवाले बादलीमागून म्हणाले.

मग काय, द्यावीच लागली. मेहुण्याची बायको डबे भरतेय, मेहुणा जिन्यातून वर-खाली पळतोय. मीठ मात्र औषधासारखं मोजून पडलं होतं, त्यामुळे डाळ झाली होती झकास! सगळ्या मजल्यांनी बोटं चाटली. तळमजल्यावरच्या शिक्षिकेनं तर थेट बायकोलाच फोन केला, "नशीबवान आहात हो!" मेहुण्याचाही भाचीला निरोप गेला, दाजी पक्के आचारी झालेत, ताईला खुशाल ठेवून घे.

संध्याकाळी बायकोचा फोन आला.

"ऐकलं सगळं. चला, म्हणजे आता माझी काही गरज उरली नाही." तिचा आवाज जरा बारीक होता.

औषधवाल्यांच्या ओठांवर 'मजेत आहे' आलंच होतं. पण ते त्यांनी गिळलं.

"सगळ्या बिल्डिंगनं खाल्ली गं. मला एक घास उतरला नाही. तुझ्यावाचून करमत नाही मला. झालं समाधान? हस आता."

ती हसली नाही.

"इथं मी रोज तुमच्या वाटणीची डाळ टाकते," ती म्हणाली. "रोज उरते. लेक ओरडते, आई, तुझा अंदाज चुकायला लागलाय. तिला काय सांगू?"

इतक्यात तिकडे बाळानं भोकाड पसरलं.

"जा, जा, बघ त्याला," औषधवाले घाईनं म्हणाले.

"रडू दे जरा," आजी म्हणाली. "तुम्ही बोला."