शेखवस्तीच्या मोरीची मोहीम

श्रीचरणीं मस्तक ठेवून आणि परिषदेच्या आवक-जावक वहीस मुजरा करून ही हकीकत लिहिली ऐसीजे. सन एकोणीसशें अठ्ठ्याण्णव, माहे जानेवारी, तारीख सव्वीस, मौजे उंबरदरा, परगणे शिरूर, येथें झेंडावंदन उरकून ग्रामसभा भरली, आणि अखंडितलक्ष्मीअलंकृत हौसराव आबा सरपंच यांणीं मिशीस पीळ देऊन फर्मान सोडिलें कीं, "पावसाच्या आत शेखवस्तीच्या वढ्यावर मोरी उभी करतो. झेडपी म्हंजी आपल्या घरचं अंगण हाय."

हें फर्मान वस्तीच्या मेंबर नूरबी यांणीं पदर सावरून ऐकिलें. पावसाळीं ओढा फुगे आणि वाट मोडे, मग पलीकडे डेअरीचा टेम्पो हॉर्न वाजवून कूच करी आणि अलीकडे साऱ्या वस्तीचें दूध किटलींत नासे. नासक्या दुधाचा कलाकंद खाऊन खाऊन लेंकरांनीं बंड मांडिलें होतें. सबब नूरबीनें अर्ज केला, "आबा, नळ्या रुंद टाका. टेम्पो वस्तीत आला पायजे."

"भाभी, तुम्ही बिनघोर ऱ्हावा."

मग आबा राजदूत मोटरसायकलीवर स्वार होऊन तालुक्याच्या कचेरीवर चालून गेले आणि तेथें खबर लागली कीं, रस्त्यांचा फंड सरला, परंतु महिलांचा फंड शाबूत आहे. आबा मुत्सद्दी. तिथल्या तिथें कलम उचलोन अर्ज ठोकिला, 'शेखवस्तीवरील महिलांची फार गैरसोय होते, तरी त्यांस ओढ्याकाठीं मोरी बांधून मिळावी.' आणि अर्ज वायुवेगें मंजूर जाहला.

पाडव्यास काम पुरें जाहल्याची दवंडी पिटली. नूरबी सुनेस, बुशरास, घेऊन पाहावयास आली, तों ओढा होता तैसाच मोकळा, आणि काठावर चार भिंती, आंत गुळगुळीत शहाबादी फरशी, कोपऱ्यांत साबण ठेवावयास कोनाडा. रस्त्याखालून पाणी काढणारी मोरी मागावी आणि अंग धुवावयाची मोरी पावावी, ऐसा मराठी भाषेनें ऐन रणांत दगा दिल्हा.

"अम्मी, यातनं टेम्पो कसा जायचा?" बुशरानें पुसिलें.

"टेम्पो न्हाई, टेम्पोवाला जाईल. साबण घिऊन."

इतक्यांत आबा हजर जाहले, आंत डोकावले, आणि घाम पुसून वदले, "मोरी मागितली, मोरी दिली. आता झेडपीला नावं ठिऊ नका."

"कशापायी ठिवू? पयल्या आंघोळीचा मान तुमचा, आबा. नारळ म्या आणते."

आबा राजदूतास किक मारून रण सोडून गेले.

मग नूरबीस पेच पडला. नवी मोरी मागावी, तर दप्तरीं मोरी पूर्ण. मृग दोन महिन्यांवर, आणि म्हशी तर कागद पाहून आटत नाहींत. तीन दिवस तिनें चूल आणि डोकें दोन्ही पेटतें ठेविलें, आणि चौथे दिवशीं बुशराकडून अर्ज लिहविला, 'मोरीचें पाणी तुंबतें, तरी नळ्या बसवून दुरुस्ती व्हावी. नळीची रुंदी तीन फूट. नग चार.'

कचेरींतील कारकून मच्छिंद्र यांणीं कागद दोनदां वाचिला आणि चष्मा कपाळीं चढविला. "तीन फुटी? बाई, न्हायला बाया तरी किती येत्यात?"

"वस्ती मोठी हाय, सायेब. आन् पाणी वरनं वतणारा हात आखडत न्हाई."

अर्ज मंजूर जाहला. नळ्या आल्या, आणि नूरबीनें गवंड्यांस दोनदां चहा नि एकदां कोंबडी देऊन त्यांचा मोहरा न्हाणीवरून ओढ्याकडे फिरविला, मग वस्तीनें पाट्या डोईवर घेऊन वर मुरूम लोटिला, आणि चौथ्या रोजीं वाट उभी राहिली.

ऐसी मोहीम फत्ते जाहली. तारीख बारा जून, ओढ्यास पाणी कमरेइतकें असतां डेअरीचा टेम्पो सकाळीं साडेसातांस मोरीवरून शेखवस्तींत दाखल जाहला आणि एकही थेंब न नासतां दूध रवाना जाहलें, हें दप्तरीं नमूद असे.

आठवे दिवशीं कचेरीचें पत्र पावलें कीं, दुरुस्त मोरीचा वापर करतांना लाभार्थी महिलांचा फोटो दोन प्रतींत धाडावा. नूरबीनें साऱ्या बाया किटल्यांसह मोरीवर उभ्या केल्या आणि न्हावऱ्याहून फोटोग्राफर आणविला. तो मोरीवरच दुसऱ्या कडेस उभा राहून, "सगळ्या फोटूत मावंनात" म्हणोन दोन पावलें मागें सरला.

मोरीस कठडा मंजूर नव्हता. फोटोंत आभाळ आलें.