ग्लेनफर्कीच्या तळ्याची पाहणी

निसर्ग सर्वांचा असतो. निसर्गरम्यता मात्र समितीनेच ठरवावी लागते. नाहीतर माणसं वाटेल तिथे उभी राहून खूश होतील आणि त्याला काही धरबंध राहणार नाही. म्हणून स्कॉटलंडात माळरानावरच्या आणि तळ्याकाठच्या गोल्फ मैदानांची दर तीन वर्षांनी रीतसर पाहणी होते.

डोंगराला दहा गुण. तळ्याला दहा. हेदरचं जांभळं झुडूप फुललेलं असल्यास सात, फुलायच्या बेतात असल्यास चार. मेंढ्यांना पाच, पण त्या दोनशे यार्डांपलीकडे हव्यात. (अलीकडे आल्या की त्या दृश्य राहत नाहीत, अडथळा होतात. मेंढ्यांना तसं कळवलेलं आहे.) खेळाला गुण नाहीत.

ग्लेनफर्कीचं नऊ होलचं मैदान यंदा अगदी काठावर होतं. निसर्गरम्य मैदानांच्या यादीतून नाव गेलं, की सगळा माळ सूचिपर्णी झाडांच्या लागवडीला देणार, असं जमीनमालकाने अत्यंत सभ्य भाषेत कळवलं होतं. इशबेल मॅकव्हिकर तिथलं गवत एकतीस वर्षं कापत होती. क्लबची सचिव तीच, चहा करणारीही तीच. दवात भिजलेल्या त्या गवतावर रोज पहिली पावलं आपली उमटवायची तिला सवय होती, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी असल्या सवयी सुटत नाहीत.

अडचण एकच. क्लबच्या फलकावर 'तळ्याकाठचं मैदान' असं होतं आणि तळं डोंगराच्या पलीकडे होतं. (फलक १९२६चा. तळं त्याआधीचं. दोघांनीही जागा बदललेली नाही.)

"तू फक्त गप्प राहा," आदल्या दिवशी कॅप्टन फर्गस टुलॉख म्हणाले. कॅप्टन म्हणजे क्लबने वर्षापुरते निवडलेले. एरवी निवृत्त दंतवैद्य. "तोंड उघडलंस की खरं बोलतेस."

"मग तुम्हीच फिरवा ना साहेबांना."

"अगं, माझा गुडघा!"

"परवा पुतणीच्या लग्नात नाचला, तोच का?"

"नाचला तो डावा. दुखतो तो उजवा."

पाहणीच्या दिवशी धुकं असं दाट, की परीक्षक डनवुडी साहेबांना हातातला तक्ता दिसत होता, पेन्सिल मात्र चाचपून शोधावी लागत होती. तिसऱ्या होलपाशी ते थांबले.

"तळं डावीकडे ना?"

"डावीकडेच, साहेब. पण मध्ये डोंगर आहे."

"वा! डोंगरही!" साहेबांनी दहा लिहिले.

 गोल्फमध्ये आपली चूक आपणच सांगायची असते. एकदा तर आसपास काळं कुत्रं नसताना, चेंडू बोटभर हलला म्हणून इशबेलने स्वतःवर दंडाचा एक फटका वाढवून घेतला होता आणि करंडक घालवला होता. आत्ता गप्प राहिलं तर माळ वाचत होता. झाडांच्या रांगाच्या रांगा तिच्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. तरी ती बोललीच.

"साहेब, सरळ सांगते. इथून तळं दिसत नाही. धुकं नसलं तरी नाही."

डनवुडी साहेब तिच्याकडे (म्हणजे तिच्या दिशेने) वळले. मग त्यांनी टोपी काढली.

"चौदा वर्षं हे काम करतोय, बाई. जो तो आपल्या तळ्याच्या फुशारक्या मारतो. तळ्याविषयी इतका विनय आज पहिल्यांदा पाहिला."

"विनय कसला डोंबलाचा! तळं इथे नाहीच!"

"पुरे, पुरे. आता मलाच लाजवाल," साहेब म्हणाले आणि त्यांनी तळ्याला दहापैकी दहा दिले. शेरा: 'वर्णन करणे अशक्य.'

(अहवालाच्या परिशिष्टानुसार, पूर्ण गुण मिळालेल्या बावीस मैदानांपैकी एकोणीस धुक्यात पाहिली गेली. उरलेल्या तिन्ही ठिकाणी पाऊस होता.)

माळ वाचला. कॅप्टनसाहेब दोन्ही गुडघ्यांवर नाचले. इशबेलला मात्र घास गोड लागेना. शेवटी तिने फाटकावर स्वतःच्या हाताने पाटी रंगवली: 'येथून तळे दिसत नाही.' लांबलांबून आलेली माणसं त्या पाटीशेजारी उभी राहून फोटो काढतात, आणि लख्ख उन्हातून परतताना म्हणतात, "आज जरा धुरकट होतं, नाही?"

मग तिने एक वही ठेवली. रकाने दोनच: 'तळे दिसले' आणि 'तळे दिसले नाही'. आजवर सहाशे चाळीस जणांना ते दिसलं आहे. रंगाबद्दल मतभेद आहेत: बहुतेकांना निळं, काहींना करडं, एका जर्मन जोडप्यात त्यावरून अबोला. दुसरा रकाना कोरा आहे.

वाचकांनी घरबसल्या नोंद पाठवली तरी चालते. इथून तळं दिसत नाही हे इशबेलने तुम्हालाही तीनदा तोंडी आणि एकदा लेखी सांगितलं आहे, तेव्हा त्यावर शाई दवडू नये. मघापासून तुम्हाला दिसतंय त्या तळ्यात डोंगराची सावली डावीकडून पडते की उजवीकडून, तेवढंच कळवावं.