खारूताईचा ताबापत्ता

बाळांनो, नीट बसा. नाकातलं बोट काढा, मगच सांगते.

एका जंगलात पाणवठा एकच होता आणि तहानलेले पुष्कळ. आधी कोण पिणार यावरून रोज भांडणं. म्हणून ठरलं, सकाळी खडकावर सोंगट्यांचा डाव मांडायचा. ज्याची सोंगटी आधी मधल्या घरात जाईल, त्यानं घरच्यांसकट आधी पाणी प्यायचं.

डाव अगदी न्यायाचा होता. फक्त रोज वाघोबाच जिंकायचे. त्यांची सोंगटी मारायची वेळ आली की समोरच्याला नेमका खोकला यायचा आणि चाल चुकायची.

वाघोबा नुसतं प्यायचे नाहीत. आत उतरून लोळायचे. बाकीच्यांना उरायचा चिखल.

खारूताईला तीन पिलं होती. चिखल पिऊन तिघांची पोटं बिघडलेली. धाकटं तर दोन दिवस डोळा उघडत नव्हतं. खारूताई सारखी त्याच्या पोटावर हात ठेवून बघायची, वर-खाली होतंय ना. आयांना ही सवय असते. त्यावर हसायचं नाही.

त्या दिवसांत जंगलात डावात टाकायच्या पत्त्यांचं खूळ आलं होतं. ज्यानं त्यानं पळसाच्या पानावर आपला पत्ता रंगवायचा, त्यावर एक नियम लिहायचा, डावाआधी मोठ्यानं वाचायचा. वाघोबांनी त्यावर शिक्क्यासारखा पंजा उठवला की तो चालायचा. मोरानं दोन्ही बाजूंना स्वतःचंच चित्र काढलं, नियम लिहायला जागाच उरली नाही. अस्वलाच्या पत्त्यावर होतं, "माझी पाळी आली की उठवा."

खारूताईनं शेपटीच्या टोकाचा कुंचला केला. सकाळी मोठ्यानं वाचलं, "हा पत्ता टाकला की दोन सोंगट्यांचा ताबा बदलेल. माझी तुम्ही चालवायची, तुमची मी. सोंगटी मात्र ज्याची त्याचीच राहील."

वाघोबांनी जांभई दिली. "एवढं लांबलचक कोण ऐकतंय. मंजूर." आणि पंजा उठवला.

डाव सुरू झाला. वाघोबांची सोंगटी मधल्या घरापासून दोन घरांवर आली. खारूताईची अजून पहिल्याच घरात. तिनं पत्ता टाकला.

"लाज नाही वाटत, ताई?" कोल्हा म्हणाला. "जिंकत आलेली सोंगटी पळवतेस?"

"पिलं आजारी आहेत हो, भाऊजी."

"पिलं काय आम्हाला नाहीत?" कोल्ह्यानं दान पाडायला चिंचोके टाकले आणि वाघोबांची सोंगटी खाडकन मारली.

जंगलात असं कधी घडलं नव्हतं. कोल्हा लगबगीनं वळला. "मी खारीच्या हातातली मारली, महाराज. तुमच्या हातात असती तर मला खोकला आला असता."

वाघोबांना जिंकण्याखेरीज दुसरं काही येत नव्हतं. खारूताईची सोंगटी म्हणजे एक इवलीशी लाल गुंज. तिच्यावर पंजा ठेवून ते सुटले. हत्ती सरकला. रानडुक्कर सरकलं. कोल्ह्याला खोकला आला. गुंज थेट मधल्या घरात.

"जिंकलो," म्हणत वाघोबा पाण्याकडे निघाले.

"वाघोबा," खारूताई हळूच म्हणाली, "ती गुंज माझी आहे."

अस्वलाला उठवून पत्ता पुन्हा वाचायला लावला. सोंगटी ज्याची त्याचीच. खाली पंजा वाघोबांचा.

त्या दिवशी तिन्ही पिलं काठावर ओळीनं बसून तळ दिसेल असं पाणी प्यायली. धाकट्यानं डोळे उघडून आणखी मागितलं.

दुसऱ्याच दिवशी वाघोबांनी पत्त्यांवर बंदी घातली. हुकूम चांगला लांबलचक होता. अक्षर सुबक हवं म्हणून तो खारूताईकडूनच लिहून घेतला. वाघोबांनी जांभई दिली आणि पंजा उठवला.

तात्पर्य: आपली सोंगटी आपणच चालवावी, असं मी सांगणार होते. पण बाळांनो, ती खुशाल वाघाला चालवू द्यावी, वाट आपोआप मोकळी होते. पत्ता तेवढा आपण लिहावा. त्यासाठी रोज शुद्धलेखन करावं. चला, वह्या काढा.