नानांची जर्मनी

आमच्या डाळ मिलमधले फिटर नाना कुठेही गेले की पहिला प्रश्न विचारतात, "आठे तुमना माणूस कोण शे?" म्हणजे इथल्या लोकांच्या वतीने बोलणारं कोण आहे? रेशनच्या दुकानात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. परवा एका बाळाच्या जावळातही विचारलं. न्हाव्यानं वस्तराच खाली ठेवला.

हे वेड त्यांनी जर्मनीहून आणलं. त्याआधी ते दुबईत होते. "दुबईत तोंड उघडलं की विमानात बसवतात. आपल्याकडे बाहेरचा पुढारी येतो, गेटवर ओरडतो अन् शेठकडेच चहा पितो. जर्मनीत कामगार आपल्यातलेच निवडतात. त्यांना विचारल्याशिवाय शेठला पाळीची वेळ बी बदलता येत नाही!" आम्ही बायका डाळ निवडायला बसलो की हे रोज डोक्यावर उभे. जीव नको होतो.

एकदा तर त्यांनी निवडणूकच घेतली. नाना स्वतः उभे, समोर आमच्यातलीच शांताक्का. नानांना मत म्हणजे तूर, अक्काला हरभरा, डब्यात टाकायचा. डबा उघडला तर हरभऱ्यात एकच तूर. "गुप्त मतदान शे," नाना म्हणाले. ती कोणाची ते आम्हा बठ्ठ्या बायकांना ठाऊक होतं.

मग मी निवडलेल्या डाळीत खडे निघाले, माल परत आला. शेठजींनी मला खोलीत बोलावलं. मला कमी दिसायला लागलंय हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. काम गेलं तर या डोळ्यांना दुसरीकडे कोण घेणार? मी शांताक्काकडे पाहिलं. तिनं सुपातून मान वर केली नाही. नाना मात्र हात पुसत मागे आले. म्हटलं, झालं, आता जर्मनी निघणार आणि माझी उरलीसुरली आशाही जाणार.

ते माझ्या शेजारी बसले.

"तुम्ही कशाला, नाना?" शेठजी म्हणाले.

"बसायला."

पुढे एक शब्द नाही. पण शेठजींचा आवाज हळूहळू खाली आला. मीही कशीबशी डोळ्यांचं सांगून टाकलं. शेवटी शेठजी म्हणाले, "उद्यापासून खिडकीपाशी बसा. अन् चष्मा करून घ्या."

बाहेर आल्यावर मी चिडलेच. "एरवी तोंड मिटत नाही तुमचं, आजच गप्प?"

नाना हातावरचं तेल चिंधीला पुसू लागले.

"तिकडं जर्मनीत मला कामावरून काढलं ना, तेव्हा कामगारांनी निवडलेल्या कमिटीतली एक बाई शेजारी येऊन बसली. तिची भाषा मला येईना, माझी तिला. काढलं ते काढलंच. पण मी उठेपर्यंत ती उठली नाही."