केसरीनाथने दूध सोडलं

हारूनशेठच्या यंत्रमागाच्या कारखान्यात बोलायचं म्हणजे ओरडायचं. ऑफिस आणि लूम यांच्यामध्ये फक्त एक प्लायवूडची भिंत होती, आणि लूमला प्लायवूडची पर्वा नव्हती.

केसरीनाथने पुढ्यातला चहा हळूच बाजूला सारला.

"प्या ना!" हारूनशेठ ओरडले.

"नको, शेठ."

"काय?"

"नको म्हनतो!"

"का? शक्कर कम है?"

केसरीनाथने छाती भरून श्वास घेतला आणि घसा फोडून सांगितलं, "मी हे दूध पीत न्हाय!"

नेमकी त्याच क्षणी वीज गेली. सगळे लूम एकदम थांबले आणि त्या भयाण शांततेत ते वाक्य सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांपासून दाराशी उभ्या टेंपोवाल्यापर्यंत सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेलं.

दुसरं कोणी हे बोललं असतं तर प्रश्न नव्हता. पण ते दूध केसरीनाथच्याच तबेल्यातलं होतं.

भिवंडीत दूधवाले पुष्कळ होते. पाणी न घालणारा म्हणून नाव मात्र केसरीनाथचं होतं. ते नाव त्याच्या बापाने कमावलेलं. केसरीनाथने त्यात भर घातली ती वजनाची. दुधाचे दोन कॅन आणि तो असे तिघे फटफटीवर बसले की मागचं टायर रस्त्याला चिकटायचं. गुडघे कुरकुरू लागले तेव्हा तो ठाण्याच्या एका निसर्गोपचारवाल्या बाईंकडे गेला. बाईंनी सांगितलं, जनावराकडून आलेलं काही म्हणजे काही खायचं नाही. मटण, मासळी, अंडी, दूध, दही, तूप सगळं बंद. मधसुद्धा नाही.

"तुम्ही काय करता?" बाईंनी विचारलं.

"जनावरांचंच बघतो," केसरीनाथ चाचरत म्हणाला.

"अरे वा! मग तुम्हाला हे पटायला जड जाणार नाही."

जड तर फार गेलं. शेजारच्या घरी जवळा परतायला घेतला की तो उठून तबेल्यात जाऊन बसायचा. तिथे निदान सगळेच पाला खात होते. पण महिनाभरात सदरा ढगळ झाला, जिना चढताना धाप लागेना, आणि बाईंवर त्याची श्रद्धा बसली ती बसलीच.

आता मात्र त्या श्रद्धेने त्याला गोत्यात आणलं. वीज परत येईपर्यंत बातमी बाजारपेठेत पोचली होती. दूधवाला स्वतःचं दूध पीत नाही, आणि बघा, किती वाळलाय! दुधात काहीतरी घालत असणार, आणि ते त्याला माहीत असणार.

दुसऱ्या दिवशी हारूनशेठनी दुधाची घनता मोजायची काचेची नळी मागवली. नळी दुधात सोडली. ती जिथे तरंगायला हवी तिथेच तरंगली.

"बघा, शेठ! पाण्याचा थेंब न्हाय."

"मशीन बोलती है पास," हारूनशेठ म्हणाले, "पण केसरीनाथ, मशीनला दूध थोडंच पियाचंय? तू पी."

वजनासाठी दूध सोडलंय हे सांगायची केसरीनाथला लाज वाटली. त्या आठवड्यात निम्मी गिऱ्हाइकं दुसऱ्या दूधवाल्याकडे गेली. उरलेलं दूध बघून पुतळाबाईचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, डोकं फिरलं.

"वजन उतरवायला गेलाव, आन् बापाचं नाव उतरवून आलाव!" ती म्हणाली. "लोकांना खरं काय ते सांगा नं. लाज कसली हाय?"

म्हणून केसरीनाथने खरं सांगितलं. सुरुवात हारूनशेठच्याच घरापासून केली. दारात त्यांची बायको खदीजा पातेलं घेऊन उभी होती.

"भाभी, दूध चोख हाय. मी वजनासाठी सोडलंय. म्हशीच्या दुधात चरबी जास्त असते, म्हनून."

खदीजाने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग तिने स्वतःकडे पाहिलं. मग पातेलं मागे घेतलं.

"या अल्ला! आणि हे तुम्ही आम्हाला इतकी वर्षं पाजताय?"

तिने शेजारच्या सालेहाला हाक मारली, सालेहाने समोरच्या कमळाला. खरं सांगण्याचा असा परिणाम झाला की खोट्या बातमीने न गेलेली गिऱ्हाइकंसुद्धा आता जायला निघाली.

"एक तोडगा आहे," खदीजा आवाज खाली आणून म्हणाली. "आम्हाला निम्मं पाणी घालून द्या."

केसरीनाथने कॅनचं झाकण दाबून बसवलं. "भाभी, घरी घाला की. पानी तुमच्या नळाला हाय."

"घरी घातलं तर हे मला बोलतील. नाश्त्याला मलई लागते यांना! तुमच्याकडूनच पातळ आलं तर तुम्हाला बोलतील."

"मग माझं काय?"

"तुमचं नाव तर आधीच गेलंय, भाऊ," कमळा म्हणाली. तिने हे समजूत घालण्यासाठी सांगितलं होतं. "गेलेल्या गाडीचं तिकीट कोण बघतो?"

तबेल्यात परत आल्यावर केसरीनाथ तांब्या घेऊन कॅनजवळ बराच वेळ उभा राहिला. हात पुढे जाईना. शेवटी पुतळाबाईने तांब्या हिसकून घेतला, बापाच्या फोटोकडे पाठ केली आणि ओतला.

बायका खूश झाल्या. नव्या घरांतूनही मागणी आली, कुजबुजत. केसरीनाथला मात्र घास गोड लागेना. आहाराप्रमाणे त्यात गोड तसंही फारसं नव्हतं.

चारच दिवसांनी हारूनशेठनी त्याला घरी बोलावलं. समोर चहा होता. शेठनी कप उजेडात धरला.

"फीका दिसतोय. खदीजा, ती नळी आण."

खदीजा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. नळी दुधात बुडाली की केसरीनाथचं नाव कायमचं बुडणार होतं. आणि त्याने तोंड उघडलं तर तिचं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. केसरीनाथने डोळे मिटले. खरं बोलून एकदा पस्तावला होता तो.

"नळी कशाला?" खदीजा एकदम म्हणाली. "नळीवर तुमचा भरोसा होता कधी? यांनाच प्यायला लावा. चोख नसेल तर पिणार नाहीत."

"ये बात!" हारूनशेठनी मांडी थोपटली. "आण मोठा गिलास."

खदीजाने काठोकाठ भरलेला पेला पुढे केला. केसरीनाथला ठाण्याच्या बाई आठवल्या, ढगळ सदरा आठवला, गुडघे आठवले. मग बाप आठवला. त्याने पेला तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. ओठांवर मिशी उमटावी इतकंही त्या दुधात दूध नव्हतं.

हारूनशेठ कौतुकाने बघत राहिले. मग त्यांनी तोच फिका चहा उचलला, घोट घेतला आणि समाधानाने डोळे मिटले.

"आता आली अस्सल दुधाची चव," ते म्हणाले. "खदीजा, मोहल्ल्यात सगळ्यांना सांग. केसरीनाथ रोज प्रत्येक दारात आधी स्वतः पिणार, मगच दूध घ्यायचं."

गेलेली गिऱ्हाइकं झाडून सगळी परत आली. महिन्याभरात भिवंडीतल्या पुष्कळ बायका सडपातळ झाल्या, आणि केसरीनाथच्या फटफटीचं मागचं टायर पुन्हा रस्त्याला चिकटलं.