शिंदे सरांची माळढोक दौड

सोनपेठहून सुटलेल्या एसटीत शिंदे सर बसलेले असले, की गाडी वेळेवर पोचणार नाही हे आम्ही धरूनच चालायचो. मोकळा माळ लागला की सर जागेवरून उठायचे, ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "जरा दम घे." ड्रायव्हर मुकाट्यानं गाडी थांबवायचा. बिचारा काय करणार? त्या भागातल्या निम्म्या ड्रायव्हर-कंडक्टरांनी शाळेत असताना सरांच्या शिट्टीवर डावा-उजवा पाय टाकलेला. सर खाली उतरून, मान उंच करून लांबवरच्या गवतात बघत राहायचे. आत बायका, कोंबड्या, बाजाराची बोचकी खोळंबलेली. सर परत आले की कुणीतरी विचारायचं, दिसला का? सरांचं उत्तर ठरलेलं. "हाय की. आपल्याला दिसंना, एवढंच."

सर शोधायचे माळढोक. उंच पायांचा, पांढऱ्या लांब मानेचा, डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखा मोठा थोरला पक्षी. सरांच्या लहानपणी त्यांच्या गावच्या माळावर तो सहज दिसायचा म्हणे. मग माळ नांगरले गेले, शिकारी आले, आणि पक्षी नाहीसा झाला. गंमत म्हणजे सर स्वतःच हळूहळू तसे दिसायला लागले होते. लांब मान, पांढरा सदरा, काळी टोपी, आणि एकेक पाऊल उचलून टाकायची ती चाल. पोरं त्यांना मागून 'ढोक सर' म्हणायची. सरांना ते ठाऊक होतं आणि आवडायचंही.

सर सोनपेठच्या ज्या शाळेत होते, त्याच शाळेत मी मुलींना शिवण शिकवायची. सर कवायतीचे, मी सुईदोऱ्याची. दोघांच्याही विषयाला शाळेत कुणी विचारत नसे, म्हणून आमचं बरं जमायचं. तेव्हा सरांनी एकदा मधल्या सुट्टीत माळढोक दौडीची कल्पना काढली, ती पहिल्यांदा मलाच सांगितली. या पक्ष्याची मादी पावसाळ्यात उघड्या जमिनीवर अंडं घालते आणि ते गुरांच्या पायाखाली जातं. तेवढे चार महिने माळावर रखवालदार ठेवायचा, आणि त्याचा पगार दौडीच्या वर्गणीतून काढायचा. हेडमास्तरांनी विचारलं, दौडच कशाला, कबड्डी घ्या, लोक तरी जमतील. सर म्हणाले, "सर, त्यो पळल्याशिवाय उडत न्हाई. आधी लांब पळतो, मग अंग उचलतो. मग आपण काय कबड्डी खेळायची?" हेडमास्तरांनी दौडीच्या कागदावर सही केली.

ते मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. चार माणसं एकत्र आली तरी पोलीस चौकशी करायचे. सर परवानगीची दरखास्त घेऊन ठाण्यात गेले, तेव्हा मीही सोबत होते. फौजदारांनी विचारलं, दौड कशासाठी? सर म्हणाले, पक्ष्यासाठी. फौजदारांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, कोणत्या पक्षासाठी? सर म्हणाले, माळावरच्या. हा कोणता नवीन पक्ष, त्याचे पुढारी कोण, नामांतराच्या बाजूचा की विरोधातला, अशी चौकशी सुरू झाली. सर शांतपणे सांगत होते की तो कुणाच्याच बाजूचा नाही, गवतात राहतो आणि किडे खातो. फौजदार आणखीच सावध झाले. शेवटी सर खुर्चीवरून उठले, हात पसरले आणि माळढोक पळून उडतो कसा ते ठाण्याच्या व्हरांड्यात करून दाखवलं. परवानगी मिळाली. फौजदारांनी स्वतः वर्गणी दिली आणि वर सांगितलं, हे साहेबांपुढे करून दाखवू नका.

दौडीतल्या दोन गोष्टी मात्र कुणाला कळेनात. एक म्हणजे दौडीची जागा. सोनपेठला चांगलं मैदान असताना सरांनी दौड ठेवली त्यांच्या गावी, आणि सुटायची जागा धरली गावाच्या कडेला, जिथं पूर्वी बौद्धवाडा होता. आता तिथं काळ्या पडलेल्या भिंती आणि रानगवत. दुसरी गोष्ट म्हणजे जाहिरातीचे कागद. ते सरांनी ड्रायव्हरांकडून परभणीपासून नांदेडपर्यंत प्रत्येक स्टँडवर लावून घेतले. नांदेडचा माणूस आमच्या माळावर पळायला कशाला येईल, असं मी विचारलं. सर म्हणाले, "यंल की एखादा."

पहिल्या वर्षी शाळेची पोरं आली, दोन पैलवान आले, आणि एक किराणा दुकानदार आला. तो वजन कमी होईल म्हणून आला होता आणि अर्ध्यातच बैलगाडीत बसला. दौड झकास झाली. सर मात्र माळावर शिट्टी घेऊन उभे होते ते पळणाऱ्यांकडे पाठ करून. त्यांची नजर एसटीच्या रस्त्यावर. दुपारी सगळे पांगले, तरी ते हलेनात.

शिंदेवहिनी पोरांना गूळ-शेंगदाणे वाटत होत्या. माझ्याशेजारी बसून हळूच म्हणाल्या, "ते लिंबाजीची वाट बघायलेत, बाई." मग त्यांनी सांगितलं. सर आणि लिंबाजी लहानपणी याच माळावर गुरं राखायचे. माळढोक दिसला की दोघं त्याच्यामागं पळायचे, आणि तो उडायच्या आत लिंबाजी नेहमी जास्त जवळ पोचायचा. पुढं सरांना नोकरी लागली. लिंबाजीनं मजुरी करून बौद्धवाड्यात दगडाचं घर बांधलं. मग नामांतरावरून जाळपोळ झाली, तेव्हा या गावातली ती घरं पेटली. सर सोनपेठला होते. गावात पोचले तेव्हा लिंबाजी वाचलेली भांडी जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधत होता. सरांनी त्याला थांब म्हटलं. त्यानं बोचकं डोक्यावर घेतलं, बायकोला पुढं घातलं आणि चालू लागला. पेटवणाऱ्यांत सरांच्या भावकीतले होते. त्यांच्या दारात सर तेव्हापासून पाणी प्यायले नाहीत.

लिंबाजी नांदेडकडे गेल्याचं कळल्यावर सर एकदा शोधत गेले होते. गल्ली सापडली. लिंबाजी दारात हातपाय धूत होता. सर कोपऱ्यावरून बघत राहिले आणि तसेच परत आले. वहिनींना एवढंच म्हणाले, "काय तोंडानं हाक मारू?"

त्यानंतर दर हिवाळ्यात दौड व्हायची, रखवालदाराचा पगार निघायचा, आणि दर वर्षी सर संध्याकाळच्या शेवटच्या गाडीपर्यंत रस्त्याकडे बघत उभे राहायचे. मी थांबले तर मला घरी जायला सांगायचे. अंधारून आल्यावर सोबत आणलेली सायकल हातात धरून, लिंबाजी गेला तसे पायीच निघायचे. त्या दिवशी तिच्यावर बसायचे नाहीत.

मग एका वर्षी असं झालं. पोरं रेषेवर उभी होती. सरांनी शिट्टी तोंडाला लावली आणि तेवढ्यात लांब रस्त्यावर एसटी थांबली. एक वाळकासा, पिकल्या केसांचा माणूस उतरला. खांद्यावर पंचा. गाडी गेली तरी तो तिथंच उभा राहिला, गावाकडे एक पाऊल टाकलं नाही. सरांनी शिट्टी माझ्या हातात दिली आणि चालायला लागले. चालता चालता एकदम पळायला लागले. कवायतीच्या माणसाचं ते पळणं नव्हतं. टोपी पडली, तीही त्यांनी उचलली नाही.

पोरं विचारू लागली, बाई, सुटायचं का? काय करावं ते मला कळेना, म्हणून टोपी उचलून मी सरांच्या मागं गेले. दोघं समोरासमोर उभे होते. सरांना धाप लागली होती.

"कंडक्टर पिच्छा सोडंनात," लिंबाजी म्हणाला. "मास्तर वाट बघायलाय म्हणून."

सर मान खाली घालून उभे होते. त्यांना मी मान खाली घातलेलं कधी बघितलं नव्हतं. तसेच म्हणाले, "घरी चल, लिंबाजी. चहा घेऊ."

"गावात न्हाई येणार." आवाजात राग नव्हता. "माळावर यतो."

"बरं," सर म्हणाले. "माळावर चल."

मी परत येऊन शिट्टी वाजवली. उभ्या जन्मात पहिल्यांदा वाजवत होते. ती इतकी हळू वाजली की निम्मी पोरं सुटली आणि निम्मी तिथंच राहिली. पहिलं कोण आलं हे कुणालाच सांगता आलं नाही, आणि सरांनी विचारलंही नाही.

पुढच्या वर्षी सरांनी दौडीचा रस्ता बदलला. एसटीच्या फाट्यावर सुटायचं आणि परस्पर माळावर पोचायचं. गाव वगळलं म्हणून सरपंच रुसले, तरी सरांनी रस्ता तोच ठेवला. माळढोक काही दिसला नाही. रखवालदाराला एकदा एक पीस सापडलं, तेही मोराचं निघालं.

लिंबाजी मात्र दर वर्षी यायचा. फाट्यावर उतरायचा, माळावर येऊन बसायचा, वहिनींनी दिलेली भाकरी खायचा आणि दिवस मावळायच्या गाडीनं परत जायचा. बसायचा तो गावाकडे पाठ करून. सर त्याच्याशेजारी बसायचे, तेही गावाकडे पाठ करून, आणि दोघं गवताकडे बघत राहायचे.